बाकड्यासमोरचं दुकान

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अब्बांचं किराणा दुकान होतं आणि समोर नगरपालिकेची छोटी बाग. बाग म्हणजे चार कडुलिंब, एक घसरगुंडी आणि सिमेंटची तीन बाकडी. सकाळी फिरून आलेले लोक दूध-पाव घेऊन घरी जायचे. संध्याकाळी मुलांना बागेत सोडून बायका साखर-चहापत्तीला यायच्या. "चाचा, किल्ली ठेवा, पोरगा शाळेतून येईल," असं सांगून कितीतरी घरांच्या किल्ल्या आमच्या गल्ल्यात असायच्या. रमजानमध्ये मगरिबच्या अजानला अब्बा रोजा सोडायला आत गेले, की बाकड्यावरचे निवृत्त मास्तर उठून गल्ल्यावर बसत. हिशेबात कधी रुपया चुकला नाही. याला आम्ही कधी 'सलोखा' वगैरे म्हटलं नाही.

पुढे रस्ता रुंद झाला आणि दुकानांची रांग गेली. बागेला मात्र नवं कुंपण, फरशीची वाट आणि दिवे मिळाले. बाग देखणी झाली आणि ओस पडली. अब्बांच्या माघारी अम्मी एकटीच तिथं जाऊन बसायची. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिला चक्कर आली. अर्धा तास ती बाकड्यापाशी पडून होती, कुणाला कळलंही नाही. पूर्वी आमच्या गल्ल्यावरून ते बाकडं सरळ दिसायचं.

जेन जेकब्ज या लेखिकेनं न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहून १९६१ साली 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' हे पुस्तक लिहिलं. तिच्या गल्लीतले लोकही दुकानदाराकडे किल्ल्या ठेवत. ती सांगते, बाग आपल्या बळावर वस्ती जिवंत करत नाही. भोवती दिवसभर वेगवेगळ्या कामांनी माणसं येत-जात असतील, तरच बाग जगते. आणि दुकानात विश्वास ठेवता येतो, त्यासाठी एकमेकांच्या घरात शिरावं लागत नाही. मला हे फार पटलं. आमच्याकडे एकमेकांच्या घरचं पाणीही न पिणारी माणसं होती. पण किल्ली मात्र ती अब्बांकडेच ठेवायची.

आता आम्ही काही शेजाऱ्यांनी अर्ज केला आहे: बागेच्या फाटकाशी एक दूध केंद्र आणि एका शहाळेवाल्याला जागा द्या. उत्तर अजून आलेलं नाही. अर्जावर पहिली सही मास्तरांची आहे.