धूर सोडा, भोक शोधा!

गाडी पार्किंगमध्ये उभी, इंजिन बंद, किल्ली आपल्या खिशात. तरीही गाडी हवा घाण करत असते! पटत नाही? अहो, उन्हात तापलेल्या टाकीतलं पेट्रोल गप्प बसत नाही. त्याची वाफ होते आणि वाट मिळाली की ती बाहेर सटकते. आपल्याकडे पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो आणि सर्टिफिकेट हातात देतो. या वाफेचा त्याला पत्ताच नसतो.

मी राहतो ते कॅलिफोर्निया मात्र हात धुऊन तिच्या मागे लागलंय. कारणही तसंच आहे. लॉस एंजेलिसचा डोळे झोंबवणारा स्मॉग पेट्रोलची वाफ, गाड्यांचा धूर आणि ऊन यांच्या खिचडीतून शिजतो, हे कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. १९७०च्या मॉडेल्सपासून इथे वाफ अडवणारी यंत्रणा सक्तीची झाली. आयडिया सिंपल आहे. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठवायची आणि इंजिन सुरू झालं की ओढून जाळून टाकायची. ही यंत्रणा गळतेय का, ते गाडीचा कम्प्युटरच तपासतो. अर्ध्या मिलिमीटरचं भोक असलं, तरी डॅशबोर्डवर पिवळा दिवा!

माझ्या जुन्या सेडानचा तो दिवा लागला. स्कॅनर म्हणाला, पी-०४५६. मराठीत सांगायचं तर 'अगदी बारीक गळती'. टाकीचं झाकण नवीन टाकलं, दिवा ढिम्म. गॅरेजवाल्यानं नुसत्या शोधाशोधीचे दीडशे डॉलर सांगितले. दुरुस्ती वेगळी! त्यात स्मॉग चेक तीन आठवड्यांवर. दिवा चालू म्हणजे फेल आणि फेल म्हणजे रजिस्ट्रेशन अडकलं.

मित्रानं पळवाट सुचवली. "कोड पूस, थोडे दिवस चालव, मग टेस्टला जा. २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांची वाफेची तपासणी अपुरी असली तरी चालते इथे." खरंच चालते! मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण बायकोला दमा आहे आणि गाडी आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली उभी असते. एका गाडीच्या भोकानं तिचा दमा वाढला असता, असं नाही. पण प्रत्येकानं "एका गाडीनं काय होतंय?" म्हटलं, की त्याचाच स्मॉग होतो ना! ठरवलं, भोक शोधायचंच.

गॅरेजवाले त्यासाठी धूर वापरतात. आम्ही तसलं यंत्र घरीच बनवलं. रंगाचा रिकामा, स्वच्छ डबा, त्यात थोडं बेबी ऑइल, तेलात बुडालेला डिझेल इंजिनचा ग्लो प्लग आणि १२ व्होल्टची बॅटरी. तेल तापलं की पांढरा दाट धूर तयार.

आता तो ढकलायचा कसा? इथे गंमत संपते. टाकीत हवा भरली, तर पेट्रोलच्या वाफेशी तिचं स्फोटक मिश्रण होऊ शकतं. म्हणून व्यावसायिक यंत्रं नायट्रोजनसारखा न जळणारा वायू वापरतात. मित्राकडे वेल्डिंगचा आर्गॉन होता, रेग्युलेटरसकट. डबा गाडीपासून लांब, मोकळ्यावर ठेवला. दाबही जेमतेम हवा, नाहीतर टाकीच्या नळ्याच फाटायच्या. त्यासाठी धुराच्या नळीला एक फाटा काढून त्याचं टोक पाण्यात ३० सेंटीमीटर बुडवलं. दाब वाढला की जास्तीचा वायू बुडबुडे होऊन बाहेर! अर्ध्या पीएसआयच्याही खाली काम.

आधी कॅनिस्टरची बाहेरच्या हवेची वाट उघडी ठेवून तिथून धूर येईपर्यंत थांबलो. मग ती वाट बंद केली. आता धुराला एकच रस्ता उरला होता, गळतीचा. हातात टॉर्च घेऊन आम्ही दोघं गाडीखाली आडवे. पाच मिनिटं काहीच नाही. दहा मिनिटं काहीच नाही. आणि मग कॅनिस्टरजवळच्या एका रबरी नळीच्या वळणावरून उदबत्तीसारखी एक रेघ वर निघाली. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी चीर, पण धुरानं चुगली केली!

नवी नळी चार डॉलरची. कोड मात्र मी पुसला नाही. सकाळी थंड इंजिन, टाकी अर्धी, रोजचं ऑफिस. कम्प्युटरनं आपल्या सवडीनं तपासण्या केल्या आणि आठवड्याभरात दिवा आपोआप विझला. स्मॉग चेक पास झाला, वाफेची तपासणी 'पूर्ण' लिहून आली.

पळवाटेनंही पासच झालो असतो म्हणा. पण कागदावर पास आणि गाडी पास, यात एका बारीक भोकाचा फरक असतो.