चालू आहे, पण पळत नाही

गाडी साफ बंद पडली तर एक बरं असतं. ठिणगी, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन, या तिघांपैकी कोण रुसलंय एवढंच शोधायचं. पण एका किकला सुरू होणारी, मजेत टुकटुकत उभी राहणारी आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला की घुसमटणारी गाडी भल्याभल्यांना चकवते.

अण्णांची १९८८ची चेतक (नातेवाईक मंडळींना ओळख करून द्यायला नकोच, निम्म्या जणांनी तिच्यावरूनच स्टेशन गाठलंय) महिनाभर हेच करत होती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने दोन किका मारून निकाल दिला, "बोअर गेलंय. पिस्टन टाका, नाहीतर भंगारात द्या." अण्णा काहीच बोलले नाहीत. किल्ली टीव्हीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी भाजीला पायी निघाले. वय ७९, येताना चढ.

मला काही तो निकाल पटेना. बोअर गेलेल्या इंजिनाची किक पोकळ लागते. हिची चांगली घट्ट होती, आणि आयडलिंग तर घड्याळासारखं. म्हणजे ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, पेट्रोलही थोडंफार येतंय. मग उभं राहताना न लागणारं पण पळताना लागणारं असं काय असतं? जास्त पेट्रोल, जास्त हवा, आणि धुराला बाहेर पडायला मोकळी वाट.

आधी पेट्रोल. कार्बोरेटरमध्ये आयडलिंगचा पायलट जेट वेगळा आणि पळण्याचा मेन जेट वेगळा. मेन जेटमध्ये कचरा अडकला की नेमकं असंच होतं, म्हणून सगळे पहिल्यांदा कार्बोरेटरच उघडतात. त्याआधी एक फुकटातली परीक्षा आहे. चोक थोडा ओढून रेस द्यायची. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी सुधारते. आमची आणखीच गुदमरली. प्लग काढला तर काळाकुट्ट, तेलकट. उपासमार असती तर पांढरट दिसला असता. हे तर अजीर्ण निघालं!

एअर फिल्टर काढून पाहिला. फरक शून्य.

उरली बाहेरची वाट. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, तर धूर आजारी माणसाच्या फुंकरीसारखा. मग इंजिन थंड होऊ दिलं, सिलिंडरपाशी सायलेन्सरचा क्लॅम्प ढिला केला, पाइप जरा खाली ओढला आणि किक मारली. आवाज असा भयंकर की शेजारच्या काकू बाहेर आल्या. पण पिळल्याबरोबर इंजिन सरसरून चढलं! अण्णा खिडकीत उभे होते, ते चप्पल न घालताच खाली आले.

टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर जातो त्याच वेळी नवं पेट्रोल आत येतं. जुन्याने जागा सोडली नाही तर नव्याला बसायला जागाच नाही. आयडलिंगला धूर थोडा, तो फटीतूनही जातो. रेस दिली की त्याची गर्दी होते आणि इंजिन स्वतःच्याच धुरात बुडतं.

वेल्डरने सायलेन्सर भट्टीत तापवून ठोकला. ओंजळभर काजळीचे पापुद्रे पडले. खर्च पिस्टनच्या मानाने किरकोळ.

एवढी काजळी आली कुठून? लिटरला २० मिली ऑइल पुरतं. अण्णा अंदाजाने ओततात, आणि गाडी म्हातारी झाली म्हणून गेली काही वर्षं जरा सढळ हाताने. त्यात फेरी फक्त मंडईपर्यंत, सेकंड-थर्डमध्ये. सायलेन्सर पुरता तापतच नाही, मग काजळी जळणार कशी?

औषधाच्या बाटलीचं माप मी डिकीत ठेवलंय. अण्णा भाजीला पुन्हा स्कूटरवर जातात. परवा ते गेल्यावर गल्लीत निळा धूर बराच वेळ रेंगाळत होता. माप डिकीत तसंच कोरडं होतं.