न गेलेला संघ

दर चार वर्षांनीं एक महिना आमच्या घरांत रात्रीचा दिवस होतो. एरवी साडेनवाच्या सुमारास माजघरांतला दिवा मालवणारें हें घर. पण विश्वचषकाचे फुटबॉलचे सामने सुरू झाले म्हणजे मुलें, सुना, नातवंडें सारीं दूरदर्शनसंचापुढें ठाण मांडून बसतात, आणि आमच्या वहिनी हातांत जपमाळ घेऊन मधूनमधून ‘हा पिवळा सदरेवाला कोणाकडचा रे?’ असें विचारीत राहतात. ह्या जागरणांत एक प्रश्न हटकून निघतो: ‘ह्यांत आपला संघ कां नाहीं?’ त्याचें उत्तरहि ठरून गेलेलें आहे. कोणी तरी सांगतो कीं, १९५० सालीं आपल्याला ब्राझीलचें बोलावणें आलें होतें. पण आपले गडी अनवाणी खेळत, बुटांवांचून खेळूं देणार नाहीं असा नियम आडवा आला, आणि आपण बाणेदारपणें घरीं राहिलों. गोष्ट ऐकावयास गोड आहे. आम्हांस मात्र ती पटत नाहीं, आणि ती मुलांच्या गळीं उतरूं द्यावी असेंहि वाटत नाहीं. कां, तें सांगण्यासाठीं ह्या स्पर्धेचें बालपण थोडें पाहावें लागेल.

फुटबॉलची आंतरराष्ट्रीय संस्था पॅरिस येथें १९०४ सालीं सात यूरोपीय राष्ट्रांनीं स्थापिली. तिच्या स्वतःच्या स्पर्धेचा योग यावयास आणखी सव्वीस वर्षें लोटलीं. तोंवर ऑलिंपिक हाच ह्या खेळाचा थोरला मेळा होता, आणि १९२४ व १९२८ ह्या दोन्ही वेळां तेथील सुवर्णपदक दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे ह्या चिमुकल्या देशानें नेलें. संस्थेचे अध्यक्ष झ्यूल रिमे नांवाचे फ्रेंच गृहस्थ होते. त्यांनीं हट्टानें निराळी स्पर्धा काढली आणि यजमानपणाचा पहिला मान उरुग्वेस दिला. १९३० हें त्या देशाच्या राज्यघटनेचें शताब्दीवर्ष होतें. यजमानानें पाहुण्यांच्या येण्याजाण्याचा व राहण्याचा खर्च पत्करला, मोंटेव्हिडिओ शहरीं नवें क्रीडांगण बांधावयास घेतलें आणि देशोदेशीं अक्षत फिरविली. पण पाहुणे येईनात! मांडव घातला आहे, आचारी चुलीपुढें बसले आहेत, आणि व्याही मंडळी मात्र ‘सवड नाहीं’ असें कळवीत आहेत, तशी त्या यजमानाची गत झाली. इंग्लंड तर १९२८ सालींच संस्थेंतून बाहेर पडलें होतें. इटली, स्पेन, हंगेरी घरींच राहिलीं. अखेर यूरोपांतून चारच संघ निघाले: फ्रान्स, बेल्जम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया.

युगोस्लाव्हियाचे गडी निराळ्या जहाजानें गेले. बाकीचे तीन संघ, स्वतः रिमेसाहेब आणि त्यांच्या सामानांत ठेवलेला तो सोनेरी चषक, असे सारे ‘कोंते वेर्दे’ नांवाच्या एकाच आगबोटींत होते. पुढें रिओ येथें ब्राझीलचा संघहि तिच्यावरच चढला. पंधरवडाभराचा तो समुद्रप्रवास. जागा मिळेल तशी गडी डेकवरच कसरत करीत. आजचे कोट्यधीश खेळाडू पाहून ज्यांचे डोळे दिपतात त्यांनीं ह्या बोटींतील उतारूंकडे एकवार पाहावें. रुमानियाच्या खेळाडूंस त्यांचे मालक रजा देईनात, तेव्हां राजा कॅरोल ह्यानें शब्द खर्ची घालून ती मिळवून दिली असें सांगतात. फ्रान्सचा ल्युसिएँ लोराँ हा मोटारीच्या कारखान्यांत नोकरीस होता. तो बिनपगारी रजेवर निघाला. १३ जुलै १९३० रोजीं मेक्सिकोविरुद्ध एकोणिसाव्या मिनिटास त्यानें चेंडू जाळ्यांत धाडला, आणि विश्वचषकाच्या इतिहासांतील पहिला गोल ह्या बिनपगारी कामगाराच्या नांवावर जमा झाला. तो २००५ पर्यंत जगला. १९९८ सालीं फ्रान्सनें चषक जिंकला तेव्हां पहिल्या संघांतला तोच एकटा हयात होता.

एकंदर संघ जमले तेरा. मुख्य क्रीडांगणाचें बांधकाम वेळेवर पुरें झालें नाहीं, म्हणून आरंभीचे सामने दुसऱ्या मैदानांवर उरकावे लागले. ३० जुलैस अंतिम सामना उरुग्वे आणि अर्जेंटिना ह्या शेजाऱ्यांत झाला. शेजाऱ्यांचें वैर तें. चेंडू कोणाचा वापरावा ह्यावरच वाद जुंपला. तोड अशी निघाली कीं पूर्वार्धांत अर्जेंटिनाचा चेंडू घ्यावा आणि उत्तरार्धांत उरुग्वेचा. आपल्या चेंडूवर अर्जेंटिना दोन विरुद्ध एक असा पुढें होता. चेंडू बदलला आणि उरुग्वेनें तीन गोल करून सामना चार विरुद्ध दोन असा जिंकला. शेवटचा गोल एक्तोर कास्त्रो ह्याचा. लहानपणीं करवतींत सांपडून त्याचा उजवा हात कोंपरापुढें गेला होता.

पुढच्या दोन स्पर्धा आम्ही भरभर सांगतों. १९३४ सालीं इटलींत स्पर्धा भरली. आमच्याकडे तुम्हीं चारच आलांत, ह्या रागानें उरुग्वे तिकडे फिरकलेंच नाहीं. १९३८ सालीं फ्रान्समध्यें आशियाचा पहिला संघ उतरला. डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया. चीनशीं युद्ध चालू असल्यामुळें जपाननें नांव मागें घेतलें होतें, म्हणून ह्यांस जागा मिळाली. त्यांचा कप्तान चष्मा लावून खेळत असे. हंगेरीनें त्यांच्यावर सहा गोल केले आणि ते एकाच सामन्यांत घरीं परतले. पण आशियाचा पहिला संघ कोणता, ह्याचें उत्तर आजहि त्यांचेंच नांव घेऊन द्यावें लागतें. नंतर महायुद्ध पेटलें. १९४२ व १९४६ च्या स्पर्धा बुडाल्या, आणि तो चषक एका इटालियन अधिकाऱ्यानें जोड्याच्या खोक्यांत घालून आपल्या पलंगाखालीं लपवून ठेविला.

आतां १९५०. आशियाच्या वांट्याच्या जागेसाठीं फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि ब्रह्मदेश ह्यांनीं माघार घेतली, आणि भारतास एकहि सामना न खेळतां ब्राझीलचें दार उघडें झालें. गट ठरला: इटली, स्वीडन, पराग्वे आणि भारत. प्रवासखर्चाचा बहुतेक भार सोसावयास ब्राझील तयार होता. असें असून आपल्या संस्थेनें ऐन वेळीं नकार कळविला. गटांत तीनच संघ राहिले. त्यांतून पुढें गेलेला स्वीडन शेवटीं तिसऱ्या क्रमांकावर आला.

बुटांची गोष्ट येथें चिकटते. आम्ही संस्कृत शाळेंत तर्कसंग्रह शिकत होतों तेव्हां गुरुजींनीं मनावर बिंबविलेली पहिली गोष्ट ही कीं, हेतु असून साध्य नसेल तर तो हेतु सव्यभिचार, म्हणजे त्याज्य. अनवाणी पाय हा येथें हेतु. खेळूं न देणें हें साध्य. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें आपले बहुतेक गडी अनवाणी होते. फ्रान्सशीं ते एक विरुद्ध दोन असे थोडक्यांत हरले, तेंहि दोन पेनल्टी फुकट गेल्यामुळें. तो दाखला ब्राझीलच्या आधींचा, म्हणून हवा तर सोडून देऊं. पण १९५१ सालीं दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत इराणला एका गोलानें हरवून आपण सुवर्णपदक मिळविलें, तेव्हांहि आपल्या कित्येकांच्या पायांत बूट नव्हते. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें, तेथल्या गारठ्यांत, तीच तऱ्हा. युगोस्लाव्हियानें आपणांवर दहा गोल केले, आणि त्यानंतर बूट सक्तीचे केले ते आपल्याच संस्थेनें. जे पाय १९५२ सालीं चालले ते १९५० सालीं कसे अडले? हेतु ढांसळला.

मग खरें कारण? सरावास अवधि नाहीं आणि संघाच्या निवडीवर एकमत नाहीं, अशीं कारणें त्या वेळीं देण्यांत आलीं. १९५१ च्या विजयी संघाचे कप्तान शैलेन मन्ना ह्यांनीं पुढें मोकळेपणीं सांगितलें कीं विश्वचषक म्हणजे काय ह्याची त्यांस कल्पनाच नव्हती. त्यांचें सर्वस्व ऑलिंपिक होतें. आम्हांस हेंच पटतें. फुटबॉल आपल्याकडे आला तो इंग्रजांच्या पलटणींबरोबर, आणि इंग्लंडनें १९५० पर्यंत विश्वचषकाकडे ढुंकून पाहिलें नव्हतें. त्यांनीं ज्या वस्तूस मान दिला नाहीं तिची किंमत आपणांस कोठून कळावी? आपले डोळे लागले होते कलकत्त्याच्या शील्डकडे आणि मुंबईच्या रोव्हर्स चषकाकडे. हा मुंबईचा चषक १८९१ चा, म्हणजे विश्वचषकाहून एकोणचाळीस वर्षांनीं वडील! पहिला विजय वूस्टरशायर पलटणीचा. देशी संघाच्या हातीं तो यावयास १९३७ साल उजाडलें, आणि तो मान बंगलोर मुस्लिम्स ह्या संघानें मिळविला. आज ही स्पर्धा बंद पडली आहे. कूपरेजच्या मैदानाजवळून जाणाऱ्या किती जणांस तिचें नांव ठाऊक असेल ह्याची आम्हांस शंका वाटते.

आपण ब्राझीलला नाहीं म्हटलें त्याच वर्षीं रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस ह्या संघानें जिंकला, आणि मग १९५४ पर्यंत सलग पांच वर्षें तो सोडला नाहीं. ह्या ठिकाणीं घाटनांदूरकरांनीं कान टवकारावे, कारण तेव्हां आमचा बीड जिल्हा हैदराबाद राज्यांतच होता. १९५६ च्या नोव्हेंबरांत आम्ही मुंबई राज्यांत आलों. आमच्या गांवावरून आजहि आगगाडी विकाराबादेवरून हैदराबादेस जाते. वडील कोर्टकचेरीच्या कामासाठीं तिनें जात. रझाकारांचे दिवस त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेले. ‘पोलीस’ हा शब्द त्यांच्या तोंडीं फारसा प्रेमानें येत नसे. पण ह्या खेळाडूंचा विषय निघाला म्हणजे ते म्हणत, ‘गडी मात्र आपले होते हो!’

त्या गड्यांचे गुरु सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शाळामास्तर. मास्तरानें मास्तराचें कौतुक करावें ह्यांत नवल नाहीं, पण ह्या गृहस्थांचा हिशेब कोणीहि मांडून पाहावा. १९५१ चें आशियाई सुवर्ण त्यांच्या हाताखालचें. १९५६ सालीं मेलबर्न ऑलिंपिकमध्यें भारत चौथा आला. तेथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा गोव्याचा, मुंबईकडून खेळणारा. १९६२ सालीं जकार्ता येथें दक्षिण कोरियास दोन विरुद्ध एक असें हरवून पुन्हां सुवर्ण, आणि पुढच्याच वर्षीं जून महिन्यांत कर्करोगानें रहीमसाहेब गेले. त्यांच्यावरचा चित्रपट २०२४ सालीं आला, तो आमच्या नातवंडांनीं दोनदां पाहिला. अशी माणसें जवळ असतां आपण त्या आगबोटीवर पाय ठेविला नाहीं, ही गोष्ट आम्हांस लागून राहते. विश्वचषकाच्या पात्रता फेरींत भारत प्रत्यक्ष खेळला तो थेट १९८५ सालीं. तोंवर बोट फार दूर गेली होती. आपला पुरुष संघ विश्वचषकांत अद्याप एकदांहि उतरलेला नाहीं.

हें सारें इतकें लांबवून सांगावयास गेल्या पावसाळ्यानंतरचा एक प्रसंग कारण झाला. आमचा धाकटा नातू, इयत्ता आठवींतला, शाळेच्या संघांतून विभागीय सामन्यांसाठीं छत्रपति संभाजीनगरास जावयाचा होता. त्याच आठवड्यांत शिष्यवृत्तीचे जादा तास. घरांत सभा भरली. आमचे थोरले बंधु अण्णा म्हणाले, ‘तात्या, पोरांचा सराव कांहींच नाहीं. प्रवास लांबचा. आणि पुढच्या वर्षीं खेळ आहेच कीं! ह्या वर्षीं शिष्यवृत्ति सांभाळूं दे.’ चिरंजीवांनीं मान डोलावली. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. नव्या बुटांची किंमत मात्र त्यांनीं अंबाजोगाईस विचारून ठेविली होती, हें मागाहून कळलें.

आम्ही म्हणालों, ‘अण्णा, सराव नाहीं, प्रवास लांबचा आणि दोन वर्षांनीं ऑलिंपिक आहेच, हींच कारणें १९५० सालीं होतीं.’ अण्णा चमकले. त्यांस वाटलें, आम्ही थट्टा करितों. मग वर लिहिलेली हकीकत त्यांच्यापुढें मांडली. त्यांनीं ती शेवटपर्यंत ऐकली, सुपारी कातरली आणि म्हणाले, ‘हरून येईल.’

‘येईना!’ आमचें कुटुंब आंतून म्हणालें. धपाटे आणि शेंगांची चटणी तोंवर डब्यांत भरून झाली होती.

पहांटेच्या एस. टी. नें पोरगा गेला, आणि तिसऱ्या दिवशीं गुडघा फोडून घेऊन आला. पहिल्याच सामन्यांत तीन गोल खाऊन संघ बाद झाला होता. जादा तासांच्या बुडालेल्या वह्या उतरून काढावयास तो ओसरीवर बसला. अण्णा कांहीं वेळ वर्तमानपत्र वाचीत राहिले. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनीं त्यास जवळ बोलाविलें, अंगणांतल्या धुळींत काठीनें मैदानाची आंखणी केली आणि विचारलें, ‘तो दुसरा गोल झाला तेव्हां तूं कोठें उभा होतास, तें दाखीव पाहूं.’