टिपेतले कोष्ठक

आमच्या संगणक कक्षात मुलांनी एक छोटा पार्सर तयार केला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाची फोड करणारा भाग. त्यातल्या टिपा लिहून देण्याची हौस आम्हांस! आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले; लिहून दिले, ‘आधी कोष्ठक वाचा’. हिंदीत कोष्ठक म्हणजे कंस. साताऱ्याहून नव्याने आलेल्या नववीच्या मुलीने ते मराठी कोष्टक समजून टेबलाचे नाव आधी वाचण्याची सोय केली. कंस राहिलेच.

पुढे ‘(नववी किंवा दहावी) आणि फीमाफीचा अर्ज’ असे विचारले, तर अख्खी नववी यादीत! कंस नसले की ‘आणि’ आधी जुळते, ‘किंवा’ नंतर. ती यादी विश्वस्तांच्या सभेत वाचली गेली. मुलगी रडली. पालकहो, चूक आमची होती.

पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसच्या व्याकरण-फाइलीत ‘ऑर’ वरच्या ओळीत आहे, ‘अँड’ त्याखाली. वरचा तो मोठा, असेच कुणालाही वाटेल. पण शेजारी टीप आहे, की अग्रक्रम कमीकडून जास्तीकडे वाचावा. एवढ्याशा ओळीने केवढे काम होते!

आता आमची टीप त्याच मुलीने नव्याने लिहिली आहे: ‘आधी कंसातले, मग आणि, मग किंवा.’ खाली उदाहरण दिले आहे, तेच फीमाफीचे.