आधी धारला जाऊन ये

देवासच्या आमच्या मंडळीत उपासनेला पेटी मी वाजवतो. पेटी आजोबांची. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८९५ च्या सुमारास धारला ठाणं केलं आणि डॉ. मार्गारेट ओहारा यांनी तिथे बायकांसाठी दवाखाना उभा केला. पुढे त्याच मिशनच्या कामात आजोबा नगरहून कंपाउंडर म्हणून आले. धार काय, देवास काय, गाद्या पवारांच्याच. त्यामुळे मराठी माणसाला फार परकं वाटायचं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून ते ना. वा. टिळकांची भजनं म्हणत.

धारचं घर विकलं तेव्हा ती पेटी मी उचलून आणली. कुणाला विचारलं नाही. दादा, म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, तिच्यावरच शिकलेला. पेटी खरी त्यालाच येते, मी आपला सूर धरतो. तो भांडला नाही. बोलायचाच बंद झाला. नऊ वर्षं.

देवासात गाणं म्हणजेच भक्ती, असं वाटायला वेळ लागत नाही. टेकडीवर दोन माता आणि गावात कुमार गंधर्वांची आठवण. क्षयाने खंगलेले कुमारजी १९४८ मध्ये इथली कोरडी हवा मानवेल म्हणून आले आणि जन्मभर राहिले. सूर लागला की देव भेटला, अशी माझीही समजूत. मागच्या बाकांवरून कुणी बेसूर उचललं की मला चीड यायची, आणि ती चीडही मी भक्तीच्याच खात्यात जमा करायचो.

प्रभुभोजनाच्या आदल्या रविवारी पाळकांनी मत्तयाचा पाचवा अध्याय घेतला. लहानपणापासून ऐकलेला भाग. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग ये. या वेळी कान अडखळला तो एका विभक्तीपाशी. माझ्या मनात त्याच्याविषयी काय आहे, हे येशू विचारतच नाही. त्याच्या मनात माझ्याविषयी काय आहे, हे विचारतो. बरोबर कोण, चूक कोण, याचा तिथे पत्ताच नाही. नऊ वर्षं मी माझी बाजू घोटून तयार ठेवली होती, ती कुणी मागितलीच नव्हती.

आणखी एक. ऐकणारे लोक गालीलातले, वेदी यरुशलेमात. म्हणजे अर्पणाचं कोकरू तिथेच सोडून तीन-चार दिवसांची वाट परत तुडवायची, समेट करायचा आणि पुन्हा तेवढंच चालत यायचं. त्या मानाने देवासहून दादाचं धार काय, इंदूरला बस बदलली की झालं.

आमच्याच देवास जिल्ह्यात उदयनगर आहे. सिस्टर राणी मारिया तिथल्या आदिवासींना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेच्या दारापर्यंत नेत. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरच्या वाटेवर भर बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. २०१७ मध्ये इंदूरला त्यांना धन्य घोषित केलं. आम्ही प्रोटेस्टंट, संतपदाच्या पायऱ्या आम्हाला फारशा कळत नाहीत. पण धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी काय केलं, ते कळतं. २००२ मध्ये इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्यांनी मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे त्यांच्या आईनेही त्याला भेटून त्याचे हात हातात घेतले. राखीचा विधी कुठल्या उपासनापुस्तकात असणार? केरळच्या सिस्टर सेल्मींनी तो माळव्याच्या घराघरातून उचलला. आम्ही मात्र भाकर आणि द्राक्षरस केवढ्या काटेकोरपणे मोजून-मापून ठेवतो!

आमचा मामला तिथे सांगायच्याही लायकीचा नाही. कुणी मेलं नव्हतं. पण लहान भांडणाला सवड भरपूर मिळते, म्हणून ते टिकतं.

प्रभुभोजनाच्या रविवारी मी देवळात गेलो नाही. पेटी चादरीत गुंडाळली आणि बस धरली. कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट फाडलं. घाटाबिल्लोदच्या पुढे एका खड्ड्यात ती चादरीतच हुंकारली, तेव्हा शेजारचे गृहस्थ दचकले.

दादाने दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग चादरीकडे. बस म्हणाला नाही. मी काय बोलायचं ते इंदूरपासून जुळवत आलो होतो, त्यातलं एक वाक्य आठवेना. ‘‘न विचारता नेली होती,’’ एवढंच निघालं.

त्याने चादर सोडली, खाली मांडी घातली, भाता दोनदा हलवला. मग एकेक पट्टी दाबत गेला. मधल्या सप्तकातला कोमल धैवत दाबला तो खालीच राहिला.

‘‘हा कधीपासून अडकतोय?’’

‘‘दोन पावसाळे झाले.’’

‘‘आणि तसाच वाजवतोस?’’

उत्तराची वाट न पाहता तो पेचकस शोधायला आत गेला.