टर्की नसलेलं व्यसन

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, सोडताना अंगाचे फार हाल होत नाहीत. म्हणून घरच्यांना वाटतं, सुटलं. आपल्यालाही तसंच वाटतं.

व्यसनमुक्ती केंद्रात माझ्या शेजारच्या कॉटवर गर्दवाले, म्हणजे ब्राऊन शुगरवाले, एक काका होते. ऐंशीच्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगर पसरली, तेव्हापासूनचे. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं ते त्याच लाटेत. काकांना टर्की यायची तेव्हा हातपाय मोडून यायचे, नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब. डॉक्टर त्यांना जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देत. मी मात्र पहिले काही दिवस नुसता झोपलो. उठायचो, दणकून जेवायचो, परत झोपायचो. काका म्हणायचे, "तुझी मजा आहे लेका. टर्की नाही, काही नाही."

पुढे काका पत्ते कुटायला लागले, नर्सची थट्टा करायला लागले, आणि मी खिडकीशी बसून राहिलो. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. मुलगी भेटायला आली, तिनं चित्र दाखवलं. छान आहे हे डोक्याला कळलं, आत काही हललं नाही. ते मला सगळ्यात भयंकर वाटलं.

मॅडमनी, म्हणजे आमच्या समुपदेशकांनी, ते समजावलं. मेफेड्रोन मेंदूतलं डोपामीन एकदम बाहेर काढतं. रोज असा उपसा केला की साध्यासुध्या आनंदाला काही उरत नाही, आणि ते पूर्ववत व्हायला महिने लागतात. गर्दला पर्यायी गोळी आहे, याला नाही. झोप, वेळेवर जेवण, बोलणं आणि धीर. "कंटाळा येईल," त्या म्हणाल्या, "आणि तो कंटाळाच तुमची टर्की."

मी लाईटवाला. लग्नं, ऑर्केस्ट्रा, नवरात्रातला गरबा. दुपारी ट्रस उभा करायचा, संध्याकाळी शो, मग रात्रभर उतरवायचं आणि पहाटे टेम्पो पुढच्या ग्राउंडवर. सीझनमध्ये झोपायचं कधी, हा प्रश्न कुणी विचारत नाही. 2015 च्या फेब्रुवारीत एमडी एनडीपीएस कायद्याखाली आली. आमच्या टेम्पोत ती त्यानंतर आली, बंदी असताना. जागं राहायला म्हणून घेतली, आणि खोटं कशाला बोलू, काम झकास व्हायचं. चाळीस फूट उंचीवर भीती वाटायची नाही. पण दोन-तीन तासांत उतरायची, आणि उतरता उतरता मन दुसऱ्या पुडीकडे. जबडा आवळलेला, गालाची आतली कातडी चावून सोललेली, बोटांची टोकं गार आणि निळसर. सलग जागरणं झाली की जिन्यात पोलीस उभे दिसायचे. एका रात्री मी बायकोला घरात दिवा लावू दिला नाही. लाईटवाल्याच्या घरात अंधार, असं म्हणून ती आज हसते. तेव्हा ती मुलीला घेऊन माहेरी निघून गेली होती.

पोलिसांच्या भीतीनंच उपचार लांबले. केंद्रात नाव लिहिलं की पकडून देतील, असं माझ्या भावाला वाटत होतं. खरं तर एनडीपीएसच्या कलम 64अ मध्ये सोय आहे: सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. हे टपरीवर कुणी सांगत नाही. तिथे फक्त कोण आत गेला ते कळतं.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. सकाळ निघून जायची. पाच ते आठ ही वेळ सरकायची नाही. लोक सांगत, छंद जोपास. अरे, ज्याला वरणभातात चव लागत नाही त्याला छंद कुठून लागणार? मॅडमचा हिशेब वेगळा होता: आवडो न आवडो, ठरलेल्या वेळी ठरलेलं करायचं. आवड मागून येईल, न आली तरी संध्याकाळ निघेल. मी गोडाऊनमध्ये केबल गुंडाळायला घेतल्या. केबल हातावर कशीही गुंडाळली की आत पीळ पडतो आणि शोच्या वेळी सोडताना गाठी होतात. म्हणून एक वेटोळं सरळ, पुढचं मनगट आत वळवून उलटं, परत सरळ. वेटोळी सारखी आली की पूर्ण केबल एका फेकीत जमिनीवर सुटते. माझ्या उस्तादानं मला हे शिकवलं होतं, पण सीझनच्या घाईत आम्ही सगळेच ढोपरावर गुंडाळायचो. कितीतरी संध्याकाळी मी यंत्रासारखं ते करत राहिलो. मग कधीतरी लक्षात आलं की एक केबल नीट सुटली म्हणून मी ती मुद्दाम परत गुंडाळून परत फेकली होती.

बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यांनीच जास्त दमवलं. पुडीवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये 'केबलवाला' म्हणून होता. तो खोडला, तर पाठ होता. म्हणून माझाच नंबर बदलला. मग आधार, बँक, गॅस सगळीकडे नवा नंबर जोडायला रांगा. व्यसनमुक्तीत आधार केंद्राचाही वाटा असतो, हे कुणी लिहीत नाही. एनर्जी ड्रिंक बंद, कॉफी जवळजवळ बंद, कारण छाती धडधडली की डोकं लगेच जुन्या वाटेला लागतं. सर्दी झाली तर डॉक्टरांना आधी सगळं सांगून मगच औषध. दारू तर चालते ना, असं मित्र विचारतात. नाही चालत. दोन पेगनंतर फोन आपोआप हातात येतो, हे मी अनुभवलंय. मधे एकदा घसरलो तो असाच, एका हळदीच्या कार्यक्रमात.

अजून स्वप्नात घेतो. उठल्यावर जीभ गालाच्या आत फिरवून बघतो. दर आठवड्याला मीटिंगला जातो. तिथे असलं बोललं तर कुणी दचकत नाही, चहा पुढे सरकवतात.

या नवरात्रात कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं, फक्त दिवसाची उभारणी करीन, रात्री उतरवायला थांबणार नाही. तो म्हणाला, "मग रेट निम्मा." बायको म्हणाली, "निम्मा तर निम्मा, घ्या." पगार तिच्याच खात्यावर जातो, माझं कार्डही तिच्याकडे. परवा तिनं विचारलं, परत देऊ का? मी म्हणालो, राहू दे अजून. ती वैतागली. "राहू दे काय! तुमच्या पेट्रोलसाठी मी एटीएमच्या रांगेत किती वर्षं उभी राहू?" शेवटी असं ठरलं की पैसे मोजके काढायचे, पण रांगेत तिच्याबरोबर मीही उभं राहायचं.