डांबरासारखी का?

आईने लोहाच्या गोळ्या बंद केल्यात हे मला औषधांच्या डब्यावरून कळलं. दिवाळीला घरी गेलो होतो, पारनेर तालुक्यात. हिमोग्लोबिन ८ वर आलं म्हणून सुरू केलेल्या गोळ्या. दोन पट्ट्या संपलेल्या, बाकीच्या तशाच.

"का गं?"

"उष्ण पडतात."

दोन दिवसांनी, बाबा मळ्यात गेल्यावर, भांडी घासता घासता म्हणाली, "परसाकडं काळं होतंय. तेही तीन-चार दिवसांनी." तिच्या मावशीला पोटाचा कॅन्सर होता. आईने मनातल्या मनात निदान करून टाकलं होतं. कुणाला सांगायचं नाही, हेही ठरवून.

मी दिवसभर लॉग वाचून बिघाड शोधतो. इथे मात्र काही कळेना. तिला नगरला नेलं (पाटीवर आता अहिल्यानगर). डॉक्टरबाईंनी विचारलं, "डांबरासारखी चिकट असते का? वास फारच घाण?" आई माझ्याकडे बघेना. मी बाहेर जाऊन बसलो.

नंतर बाईंनी मला समजावलं. शरीर घेत नाही ते लोह पुढे सरकतं, त्याने शी काळपट-हिरवट होते. त्याच गोळीने कोठाही जड होतो. डांबरासारखी असेल तर गोष्ट वेगळी: जठरात रक्तस्राव झाला की ते रक्त पचून काळं होतं, तेव्हा लगेच दवाखाना गाठायचा. आणि पांढुरकी, मातकट झाली तर पित्त आतड्यात उतरत नसण्याची शक्यता. आई गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या उपाशीपोटी घेते, त्यांनीही जठरातून रक्त जाऊ शकतं. म्हणून बाईंनी तपासण्या केल्या. रक्तस्राव नव्हता. दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, लोहाची एक दिवसाआड सुरू केली.

दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढं सगळं नॉर्मल धरतात म्हणे. पण आईची सवय जुनी. घरात संडास नव्हता तेव्हा पहाटेच्या अंधारात जायचं, नाहीतर रात्रीपर्यंत दाबून धरायचं. त्यासाठी पाणीही कमी प्यायचं. संडास बांधून दहा वर्षं झाली, तांब्याभर पाणी ती अजून मोजूनच पिते.

परवा फोनवर आवाज बारीक करून म्हणाली, "काळीच आहे. पण डांबर नाही."

"आणि रोज?"

"एक दिवसाआड. तुझं काय?"

मी पुण्यात रात्री अकराला पिझ्झा खात होतो. म्हटलं, "बाबा आले का गं मळ्यातून?"